अल्बम-व्हिडिओच्या कामाला दोन मॉनिटर की एक वाइड, घ्यायच्या आधी एवढं बघून घ्या

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नांआधी नवीन स्क्रीन बसवायची असेल तर जळगावच्या गोलाणी मार्केटला निघायच्या आधी मेजरटेप काढा भाऊ, कारण २७ इंची दोन मॉनिटर शेजारी लावले की जवळपास ४ फूट जागा जाते आणि ३४ इंची वाइड (जास्त रुंद मॉनिटर) एकटा अडीच फुटाच्या जरा वर, म्हणजे टेबल ३ फुटाचं असेल तर प्रश्न तिथंच मिटला. टेबल पुढून मागे किती आहे तेपण बघा, स्क्रीन डोळ्यापासून हातभर तरी लांब पाहिजे. आणि दुकानात कुणी सांगत नाही ते हे, की ३४ इंची वाइडची उंची २७ इंचीएवढीच असते, वाढलेले इंच सगळे आडवे.

मग कामाचा हिशोब. करिझ्मा अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं शीट म्हणजे रुंदी-उंची ३ ला १, साध्या १६:९ स्क्रीनवर पूर्ण शीट उघडलं की मधे एक पट्टी, वर-खाली नुसतं राखाडी आणि नवरदेव मुंगीएवढा. वाइडच्या २१:९ वर तेच शीट बरंच मोठं दिसतं, बाजूला लेयरचं पॅनल उघडं ठेवूनही. दोन मॉनिटरवर शीट पसरवायचा विचारच करू नका, मधल्या कडेत बरोबर नवरीचं नाक येतं. म्हणून दिवसभर फक्त अल्बम करणाऱ्याने सरळ वाइड घ्यावा, पण ३४ इंचीत ३४४० बाय १४४० पिक्सेलचाच, २५६० बाय १०८० वाला स्वस्त मिळतो आणि त्यावर अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. कर्व्हचा (स्क्रीन किती वाकडी त्याचा) आकडा विचारा, १८०० आर कमी वाकडा आणि १००० आर जास्त, फ्लेक्सच्या सरळ चौकटी लावणाऱ्याला जास्त वाकडा डोक्याला ताप होतो.

व्हिडिओवाल्यांचं वेगळं. टाइमलाइन वाइडवर मस्त लांब पसरते हे खरं, पण अहिराणी गाण्याचं एडिट चालू असताना शेजारी गायक, निर्माता आणि त्याचा मेव्हणा बसलेला असतो, त्यांना दुसऱ्या स्क्रीनवर नुसता व्हिडिओ फुल दाखवला की ते टाइमलाइनवर बोट ठेवत नाहीत. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅकच्या सेटिंगमधून तो दुसरा मॉनिटर निवडता येतो. स्टँड फिरणारा घेतला तर तोच मॉनिटर उभा करून रील बघता येते. माझं मत विचाराल तर मिक्स काम करणाऱ्याने दोनच घ्यावेत, कारण ऐन सीझनमध्ये एक बिघडला तरी दुसऱ्यावर काम निघतं, वाइड एकटा रिपेअरला गेला की दुकानच बंद.

दोन घेणार असाल तर एकाच मॉडेलचे, एकाच वेळी, दोन्ही आयपीएस पॅनलचे (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारे). नाहीतर एकावर नवरी गोरी, दुसऱ्यावर पिवळी, आणि गिऱ्हाईक नेमकं विचारणार, ‘नवरीनं तोंड काबर काळं दिखस भो?’ (नवरीचं तोंड काळं का दिसतंय भाऊ?) जमलं तर कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) लावून दोन्ही जुळवा. मेन मॉनिटर नाकासमोर, दुसरा बाजूला तिरका, दोघांची मधली कड समोर ठेवली की मान गेली समजा. पीसीच्या मागे वाकून कोणते पोर्ट आहेत त्याचा फोटो काढून न्या, वाइडला शक्यतो डिस्प्लेपोर्ट, जुन्या एचडीएमआयवर पूर्ण स्पीड मिळेलच असं नाही.

आता आपल्याकडचं ऊन. बहुतेक मॉनिटरच्या मॅन्युअलमध्ये ४० डिग्रीपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या गाळ्यात तर बोलायलाच नको, म्हणून आधी कूलर-एसीची सोय करा, आणि कूलरचा ओला झोत स्क्रीनच्या पाठीवर नको. पश्चिमेच्या खिडकीला पडदा. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच ओढतो, सीपीयू, ग्राफिक कार्ड आणि मॉनिटर मिळून किती होतात ते जोडून बघा, लाइट गेल्यावर फाइल सेव्ह होईपर्यंत तरी टिकला पाहिजे.

दुकानातच चालू करून काळी, पांढरी, लाल स्क्रीन लावून डेड पिक्सेल (बंद पडलेले ठिपके) शोधा, आणि वॉरंटीत माणूस शहाद्या-अमळनेरला घरी येतो की मॉनिटर आपणच न्यायचा हे बिल व्हायच्या आधी विचारा. वाइडचं खोकं बाइकवर मावत नाही, गाडी सांगून ठेवा. खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर, घरचे कितीही ओरडले तरी.