ज्यूसवाल्याच्या संत्रा सालींचा मुरघास कसा करायचा

आंबिया बहाराची संत्री (संत्र्याच्या दोन हंगामांतला पहिला माल) बाजारात आली की ऑक्टोबर ते डिसेंबर नागपुरात कुठंही जा, ज्यूसच्या ठेल्यामागे सालींची पोती पडलेली असतात, मग फेब्रुवारी-मार्चमधे मृग बहाराचा, म्हणजे दुसऱ्या हंगामाचा माल येतो की परत तेच. फुकटात नाहीतर चहापाण्याच्या पैशात मिळतात आणि गाई-म्हशींना एकदा चटक लागली की आवडीनं खातात. पण भाऊ, साल म्हणजे ढेप (तेल काढून उरलेली पेंड) नव्हे हे आधीच सांगून ठेवतो. सालीत एनर्जी भरपूर, प्रोटीन मात्र सुक्या वजनावर 6-7 टक्केच, कॅल्शियम चांगलं पण फॉस्फरस कमी. त्यामुळं ढेप बंद करून नुसत्या साली टाकल्या तर दूध उतरणारच.

आता ओल्या सालीत 80 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, दोन-तीन दिवसात निळी-हिरवी बुरशी धरते, आणि थंडीत वाळवत बसलात तर वाळायच्या आधीच सडतात, म्हणून मुरघास, म्हणजे हवा न लागू देता दाबून आंबवलेला चारा, बरा.

ठेलेवाल्याला सांगून ठेवायचं की साली वेगळ्या पोत्यात टाक बाबा. तो हो म्हणेल आणि तरी त्यात स्ट्रॉ, प्लास्टिकचे ग्लास, रबर बँड निघतातच. पोतं ताडपत्रीवर ओतून हातानं निवडा, इथं आळस करू नका, कारण पोटात गेलेलं प्लास्टिक बाहेर काढायला मग ऑपरेशनच लागतं. सडलेली, बुरशीची फळं सरळ खताच्या खड्ड्यात. बाकीचं पाण्यानं धुऊन निथळू द्या, फवारणीचा अंश असतो सालीवर.

मग साली कापून घ्या, बोटाएवढे तुकडे पुरतात. कडबाकुट्टीत नुसत्या साली टाकल्या की चिकटून बसतात, मधून मधून मूठभर कुटार (मळणीनंतर उरलेला कोरडा भुसा) टाकत जा. प्रमाण साधं आहे, 75 किलो साली, 25 किलो कोरडं कुटार, अर्धा किलो मीठ. तुरीचं कुटार असेल तर बेस्ट, सोयाबीनचं चालतं पण पावसात भिजून काळं पडलेलं नको. गूळ-मळी काही टाकायची गरज नाही, सालीत साखर असतेच आणि हवा लागली नाही की त्याच साखरेचं जंतू आम्ल बनवतात, त्यानंच माल टिकतो. आणि युरिया तर अजिबात नको, तो धानाच्या तणसाच्या प्रक्रियेसाठी, ते काम वेगळं. मिसळल्यावर मूठ घट्ट दाबून पाहा, बोटांतून पाणी ठिबकलं तर कुटार वाढवा, गोळा होऊन हळूहळू सुटला तर बरोबर.

200 लिटरचा निळा ड्रम घ्या, झाकणाला रिंग असलेला, केमिकलचा नको. तळाशी चार बोटं कुटार, त्यावर वीतभर माल टाकून पायानं दाबायचा, परत थर, परत दाबायचं. सगळा खेळ या दाबण्यात आहे, कोपऱ्यात हवा राहिली की तिथूनच बुरशी सुरू होते. काठोकाठ भरून वर प्लास्टिक, मग झाकण, आणि 40-45 दिवस उघडून पाहायचं नाही, कितीही मन झालं तरी.

उघडल्यावर आंबट-गोड वास आणि पिवळसर तपकिरी रंग पाहिजे. वरचा पांढरा-काळा थर फेकून द्या, आणि सगळ्यालाच कुजका वास असेल तर पूर्ण ड्रम गेला समजा, गाभण जनावराला तर चुकूनही नको. एकदा उघडला की रोज वरून थोडं थोडं काढत संपवायचा.

सुरुवात अर्ध्या किलोपासून, दहा-पंधरा दिवसात वाढवत पाच-सहा किलोपर्यंत न्या. दूध काढल्यावर खायला द्या म्हणजे दुधाला वास लागत नाही. सोबत सरकी ढेप, कळमन्याकडच्या दाल मिलमधून आणलेली तूर चुनी (डाळ करताना उरलेला चुरा) आणि रोज 50 ग्रॅम मिनरल मिक्स्चर चालूच ठेवा, कोरडा चाराही. रवंथ न करणाऱ्या लहान वासराला हे नाही, कोंबड्यांनाही नाही, बियांतला घटक त्यांना बाधतो. काही शंका असली तर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात विचारून या.

लग्नाच्या हॉलमधला उरलेला भात, पुऱ्या, ब्रेड पण कोणी फुकट देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, एकदम टोपलंभर खाल्लं की पोटात आम्ल वाढून चांगली दुधाची गाय रातोरात आडवी होते.