कॅनबेराच्या पत्र्यात अडकलेले स्क्रू

जुन्या कॅनबेरा बॉम्बर विमानाच्या डागडुजीसाठी आम्ही दर रविवारी जमतो. सगळे हौशी. मी बेळगावच्या उद्यमबागेत टर्नर, म्हणून पोटाखालच्या झाकणाचे गंजलेले स्क्रू माझ्याकडे आले.

मूळ दुखणं पावसाचं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी स्क्रू, त्यात ओल. दोन धातूंत बारीक वीज वाहते आणि पत्रा खाल्ला जातो. पांढरी भुकटी स्क्रूभोवती घट्ट बसते.

पहिल्या दिवशी मी जोर लावला, तर डोक्याची खाच गेली. "गॅस लावूया काय?" पोरांनी विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. ड्युरॅल्युमिन, म्हणजे विमानाच्या पत्र्याचं मिश्र ॲल्युमिनियम, तापलं की त्याची ताकद जाते, बाहेरून कळतही नाही. मग दोन दिवस गंज सोडवणारं तेल, आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोड्याने ठोकला की स्क्रू फिरवणारं हत्यार. बहुतेक सुटले. उरलेल्यांची फक्त डोकी ड्रिलने उडवली, झाकण काढलं, आणि बाहेर राहिलेले खुंट व्हाइस ग्रिपने, म्हणजे घट्ट पकडून राहणाऱ्या पकडीने, फिरवले.

सफाईला लोखंडी ब्रश वापरू नका. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि गंज पुन्हा सुरू होतो. मी नायलॉनचा घेतला. नवे स्क्रू झिंक फॉस्फेट प्रायमर (गंज रोखणारा रंगाचा पहिला थर) ओला असतानाच बसवले. पाणी निचरायची भोकंही तारेने मोकळी केली. मातीने बुजली होती.

१८ डिसेंबर १९६१ ला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनीच गोवामुक्तीच्या कारवाईत गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. २००७ पर्यंत हवाई दलाने ही विमानं उडवली. झाकण परत बसवताना माझा हात थरथरत होता.