संवेग आणि वस्तुमान केंद्र: उदाहरणे सोडवताना या चुका टाळा

कणसंहतीच्या, म्हणजे एकत्र विचारात घेतलेल्या वस्तूंच्या समूहाच्या, उदाहरणांत विद्यार्थी सहसा सूत्र विसरत नाहीत. संहतीत कोणाकोणाला धरले आहे आणि विस्थापन किंवा वेग कोणाच्या सापेक्ष मोजला आहे, हे न ठरवताच ते समीकरण मांडतात आणि तिथेच घसरतात.

होडीचे नेहमीचे उदाहरण पाहा. स्थिर पाण्यात 120 किलोग्रॅम वस्तुमानाची, 3 मीटर लांबीची होडी उभी आहे आणि 60 किलोग्रॅमचा माणूस तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. पाण्याचा विरोध नगण्य मानल्यास होडी किती सरकेल? वह्या तपासताना हमखास भेटणारी ओळ अशी: 60 × 3 = 120 × क्ष, म्हणून क्ष = 1.5 मीटर. मात्र ते 3 मीटर माणूस होडीच्या सापेक्ष चालला आहे. त्याच वेळी होडी त्याला मागे नेत असल्यामुळे काठावरून पाहणाऱ्याला तो (3 − क्ष) एवढाच पुढे गेलेला दिसतो. बाहेरचे आडवे बल नसल्याने वस्तुमान केंद्र (संहतीच्या सगळ्या वस्तुमानाचा सरासरी बिंदू) जागचे हलत नाही, म्हणून 60 × (3 − क्ष) = 120 × क्ष, आणि क्ष = 1 मीटर. आता ताळा पाहा, तो कधीही गाळू नये: माणूस 2 मीटर पुढे, होडी 1 मीटर मागे, दोन्ही गुणाकार 120, म्हणजे वस्तुमान केंद्र जागचे हललेले नाही. गोळ्याचा वेग तोफेच्या सापेक्ष दिलेला असतो, तेव्हाही हीच चूक होते.

‘संवेग अक्षय्य राहतो’ असे सरसकट लिहिणे ही दुसरी चूक. संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, सदिश आहे, म्हणजे त्याला दिशाही असते. ज्या दिशेत बाह्य बल शून्य, त्याच दिशेतला घटक कायम राहतो. घर्षणरहित रुळांवर 5 मीटर प्रति सेकंद वेगाने जाणाऱ्या 80 किलोग्रॅमच्या गाडीत वरून सरळ खाली 20 किलोग्रॅम वाळू पडली, तर आडव्या दिशेतला संवेग 400 एककेच राहून वेग 4 होतो, परंतु वाळूचा उभ्या दिशेतला संवेग रुळांच्या बलामुळे नाहीसा होतो. येथे गतिज ऊर्जा समान धरणाऱ्याचे उत्तर चुकतेच, कारण आडव्या गतीची ऊर्जा 1000 ज्यूलवरून 800 ज्यूलवर येते.

हवेत फुटलेल्या गोळ्याबाबतही काळजी घ्यावी. स्फोटाची बले अंतर्गत असल्याने, हवेचा विरोध नसताना, वस्तुमान केंद्र मूळ अन्वस्त (पॅराबोला) मार्गानेच जाते. मात्र एखादा तुकडा आधी जमिनीवर आदळला की जमिनीचे बाह्य बल लागू होते आणि तिथून पुढे तो मार्ग गृहीत धरता येत नाही.