ताणली की गप्प होणारी नळी

गुडघ्याची हालचाल मोजायला सिलिकॉनच्या बारीक नळीत गॅलियम-इंडियमचा (७५:२५) द्रवधातू भरला होता; गुडघा वाकला की नळी ताणते, विजेला होणारा रोध वाढतो आणि त्यावरून हालचाल कळते. तो साधारण १५.५ अंशांनाच वितळतो, म्हणजे मुंबईत बहुतेक वर्षभर पातळच. पण नळी ताणली की रोध मोजणारा मल्टिमीटर गप्प! सोल्डरिंगला शिव्या घालत दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी टॉर्चच्या उजेडात दिसला, आत अडकलेला हवेचा बुडबुडा; ताणल्यावर तोच धातूची सलग वाट तोडत होता. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडची साय धरते, मग बुडबुडा जागचा हलत नाही. दुसऱ्या टोकाला रिकामी सुई खुपसून हवेला वाट दिली, सिरिंज सावकाश दाबली. टोकांना लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेली तांब्याची तार लावली. अ‍ॅल्युमिनियम नकोच, गॅलियम त्याचा भुगा करतं. आता १.५ पट ताणल्यावर रोध सुमारे २.२ पट, अगदी हिशेबाला धरून (नळी लांबही होते आणि बारीकही, म्हणून १.५ × १.५).