आजीचं स्मरण लिहायला बसाल तेव्हा

घरातलं म्हातारं माणूस प्रभूकडे गेलं की दोन-तीन दिवसांत कुणीतरी म्हणतंच, "तुझं मराठी चांगलं आहे, स्मरण-उपासनेत वाचायला चार ओळी तूच लिही." मग त्या चार ओळींत प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील, देवभीरू हे शब्द येतात. ते खरेच असतात. पण नाव बदलून तेच पान शेजारच्या घरीही वाचता येतं, आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटतं. ज्या बाईने अख्खा जन्म मंडळीसाठी, म्हणजे आपल्या चर्चसाठी वेचला, तिला निदान तिचं स्वतःचं पान मिळायला हवं.

माझी आजी, आम्ही तिला मोठी आई म्हणायचो, नाशिकच्या शरणपुरात राहिली आणि शरणपुरातच गेली. तिचं स्मरण मी लिहिलं. त्यानंतर मंडळीतल्या आणखी काही घरांना लिहायला मदत केली. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

सुरुवात तिच्या शास्त्रापासून, म्हणजे बायबलपासून करा. बायबल उघडलं की आतल्या चिठ्ठ्या, पावत्या, झावळ्यांच्या रविवारचा (ईस्टरच्या आधीच्या रविवारचा) वाळका क्रूस हे सगळं काढून एका बाजूला ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. आधी प्रत्येक पान जसं आहे तसा फोटो काढा, चिठ्ठी जागेवर असतानाच. कोणती चिठ्ठी कोणत्या अध्यायात होती यावरूनच ती तिथे का ठेवली ते उमगतं. पेन्सिलीच्या खुणा पुसट असतात, त्या फ्लॅशमध्ये दिसत नाहीत. सकाळी खिडकीपाशी बसा आणि पान थोडं तिरपं धरा, बाजूने उजेड आला की अक्षर उठून दिसतं. मोठ्या आईच्या शास्त्रात स्तोत्र 121 च्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, "धाकट्याची रात्रपाळी." आपला राखणदार झोपत नाही, असं सांगणारं ते स्तोत्र. काका नाशिकरोडला नोकरीला लागले तेव्हाची ती नोंद. ती त्यांना कधी काही बोलली नव्हती. काकांनी ते पान पाहिलं आणि बराच वेळ मिटलं नाही. "तिचा मुलांवर फार जीव होता" असं मी लिहिलं असतं तर त्यातलं काहीच कुणाला कळलं नसतं.

पहिल्या कोऱ्या पानावर बहुतेक घरांत जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले असतात. त्या नोंदी जशाच्या तशा उतरवून घ्या, शुद्धलेखन सुधारू नका. गाण्यांची वही असेल तर तीही बघा. आपल्या बायकांच्या वहीत गाण्याच्या डोक्यावर चाल लिहिलेली असते, आणि त्यावरून ती गाणी कुणाकडून, कुठल्या काळात आली याचा माग लागतो.

यानंतरचं काम माणसांकडे जायचं, आणि ते लवकर करायला हवं. तिच्या बरोबरीच्या बायका आता थोड्याच उरल्या असतील. त्यांना "आजी कशी होती हो?" असं विचारलं की "फार चांगली होती बाई" एवढंच उत्तर येतं, आणि डोळे भरून येतात. त्याऐवजी कामाचं विचारा. शनिवारी संध्याकाळी देवळात कोण यायचं? वेदीवरचं कापड कोण धुवायचं, त्याला नीळ किती घालायची? फुलं कुठून आणायची? एवढं विचारलं की गाठोडं सुटतं. मला कळलं की मोठी आई फुलांसाठी सराफ बाजारातल्या फुलबाजारात चालत जायची आणि शेवंती निवडताना देठ मोडून बघायची. कापणीच्या सणाला घरच्या शेवग्याच्या शेंगा अर्पणात ठेवायची आणि लिलावात मात्र ज्या घरची वस्तू कुणी बोली लावून घेत नाही, तीच घ्यायची. ही गोष्ट घरात एकालाही ठाऊक नव्हती. तिच्यासोबत महिला मंडळात बसणाऱ्या एका आजींनी सांगितली. जमलं तर त्या बायकांना एकत्र बसवा आणि तिचं आवडतं भजन म्हणायला सांगा. गाताना त्यांना जे आठवतं ते बोलताना आठवत नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं असेल तर आधी विचारून घ्या.

साल विचारत बसू नका, ते कुणालाच सांगता येत नाही. आपल्या नाशिकला मात्र काळ मोजायच्या खुंट्या भरपूर आहेत. 1969 चा गोदावरीचा महापूर, 1972 चा दुष्काळ, 2008 चा पूर, आणि दर बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ. आपण कुंभमेळ्याला जात नसलो तरी त्या गर्दीची आठवण शरणपुरातही पक्की असते. शिवाय मंडळीची स्वतःची एक खूण आहे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि जुनी माणसं "एकीकरणाच्या आधी", "एकीकरणानंतर" असं अजूनही बोलतात. म्हणून विचारायचं ते असं: महिला मंडळाची बाजाची पेटी घेतली ती महापुराच्या आधी की नंतर? आधीची एक खूण आणि नंतरची एक खूण मिळाली की साल बरंच जवळ येतं. याच प्रश्नांतून दुष्काळातली एक आठवण निघाली. घरात मिलोच्या, म्हणजे बाहेरदेशाहून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या व्हायच्या आणि मोठी आई एक भाकरी रोज फडक्यात बांधून बाजूला काढायची. ती कुणाकडे जायची हे आत्याला माहीत होतं, पण तिने नाव सांगितलं नाही. मीही लिहिलं नाही. मदत घेणाऱ्या घराचं नाव छापायचा हक्क आपल्याला नसतो.

तारखा पडताळायच्या असतील तर पाळकसाहेबांना लेखी अर्ज द्या आणि बाप्तिस्म्याचं व लग्नाचं रजिस्टर बघायची परवानगी मागा. बायकांची नावं लग्नानंतर बदलतात, तेव्हा बाप्तिस्म्याची नोंद शोधताना वडिलांच्या नावावरून जा. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि रजिस्टरमधली तारीख जुळली नाही, तर दोन्ही लिहून ठेवा.

शरणपूरचा मोठा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. मिशनने वसवलेली वस्ती, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली, त्यांतला जेकब वेनराइट 1873 मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्यासोबत होता. त्याने त्या दिवसांची रोजनिशी लिहिली, म्हणून त्याची साक्ष आज जगाला वाचता येते. आपल्या आज्यांनी रोजनिशी लिहिली नाही. वेदीचं कापड धुणारीची नोंद कुठल्याच इतिवृत्तात सापडत नाही, ती आपणच करायची आहे.

आता प्रत्यक्ष लिखाण. उपासनेत वाचायचं असेल तर चार-पाच मिनिटांचं लिहा, म्हणजे साधारण पाचशे शब्द. जन्म, शिक्षण, लग्न, मुलं हे एका परिच्छेदात उरका. बाकी सगळी जागा तिने काय केलं याला द्या. आणि तिचा स्वभावही येऊ द्या. मोठी आई रविवारी सुईदोरा हातात घेऊ द्यायची नाही, शर्टाचं बटण तुटलं तर टाचणी लावून देवळात पाठवायची. उपासनेला उशिरा येणाऱ्याकडे वळून बघायची, आणि तेवढ्यानेच माणूस पुढच्या रविवारी वेळेवर यायचा. हे मी लिहिलं तेव्हा आत्याला आधी नको वाटलं. पण वाचताना सगळी मंडळी मोकळेपणी हसली, कारण त्या नजरेखालून प्रत्येक जण गेला होता. कुणाशी झालेला जुना वाद लिहायचा असेल तर मात्र त्या माणसाला आधी वाचून दाखवा, आणि तो नको म्हणाला तर काढून टाका.

वचन निवडताना नीतिसूत्रे 31 कडे, सद्गुणी स्त्रीच्या वर्णनाकडे, हात आपोआप जातो. जाऊ देऊ नका. तिने स्वतः ज्याखाली रेघ मारली आहे, ते घ्या. उपदेश करायचा नाही, त्यासाठी पाळकसाहेब आहेत.

वाचायला अशा नातवंडाला उभं करा ज्याचा आवाज टिकेल, आणि दुसऱ्या एकाच्या हातात तीच प्रत देऊन ठेवा. प्रती मोठ्या अक्षरात छापा. पहिल्या प्रती तिच्या मंडळातल्या बायकांना घरी नेऊन द्या, वाचून दाखवा, आणि त्या जे दुरुस्त करतील ते हाताने समासात लिहून घ्या. नातेवाइकांना वाटायची आणि चर्चच्या कपाटात ठेवायची प्रत त्या दुरुस्त्या घालून नव्याने काढा.