कोकणातल्या जुन्या बंदरपेठा पाहायला निघण्याआधी

मुक्कामाची खोली ठरवण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची ढोबळ वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईकडचा. तळकोकणात भरती थोडी आधी येते आणि खाडीत जितकं आत जावं तितकी उशिरा, म्हणून त्या-त्या बंदराचं कोष्टक पडताळून घ्या.

हे एवढं कशासाठी, तर विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीच्या काठी आंग्र्यांची गोदी आहे, कातळ खोदून केलेली. पाणी भरलेलं असताना तिचा आकार कळतच नाही. द्वितीया-तृतीयेला सकाळी सात-आठच्या सुमारास चांगली सुकती, म्हणजे ओहोटी, मिळते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरेसं हटत नाही. ते दिवस टाळलेले बरे.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे अखेरीपासून पावसाळाभर सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. एरवीही वारा वाढला की थांबतात, म्हणून मालवणला एक सकाळ जादा हाताशी ठेवा.

किनाऱ्याने गाडी घेऊन जाणार असाल तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ या फेरीबोटींची शेवटची वेळ त्याच दिवशी फोन करून विचारा. दाभोळची शेवटची फेरी चुकली की धोपावे समोर दिसत असूनही खेड-चिपळूणचा वळसा पडतो. सुट्टे पैसे जवळ असू द्या. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, तासभर आधी पोचा. दाभोळात धक्क्याजवळच आदिलशाहीतली मशीद आहे, रांगेत गाडी लावून पायी जाऊन येता येतं. आत जायचं तर नमाजाची वेळ टाळा आणि अंगभर कपडे घाला.

राजापूरला निदान अर्धा दिवस द्या. इथे इंग्रजांची वखार होती, १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. समुद्रापासून एवढं आत असलेल्या गावात वखार कशी, हे आजची अर्जुना नदी बघून पटत नाही. खाडी गाळाने भरत गेली, तशी मोठी गलबतं खाली जैतापूरलाच थांबू लागली. म्हणून दोन्ही गावं एकाच दिवशी बघा, आधी जैतापूर, मग राजापूर. आधी माल उतरायची जागा बघितली की पेठ लगेच उमगते. पावसाळ्यात पुराचं पाणी जवाहर चौकात शिरतं, तेव्हा बेत आखू नका. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब आहे. उतरल्यावर पुढची गाडी आधीच ठरलेली हवी.

रेवदंड्याला पोर्तुगीज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. त्या खाजगी आहेत, विचारल्याशिवाय शिरू नका. वेंगुर्ल्याची डच वखार पडक्या अवस्थेत आहे, भिंतींवर चढू नका.

पायात पकड असलेली चप्पल किंवा बूट हवेत. धक्क्याच्या उतरत्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि घसरण्याचे प्रकार तिथेच होतात. टोपी, दोन लिटर पाणी, मोबाइलला प्लास्टिकची पिशवी. पेठेतली बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, तेव्हा बाजार सकाळी फिरा आणि आठवडा बाजाराचा वार आदल्या मुक्कामीच विचारून ठेवा.