म्हाताऱ्या कुत्र्याला कॅम्परमध्ये चढवायचं-उतरवायचं कसं

आमचा भुऱ्या आता 12 वर्षांचा आहे. आर्वीकडे वावर आहे आमचं, अन् पिल्लू होता तेव्हापासून तो बोलेरो कॅम्परच्या मागच्या हौद्यात बसून वावरात येतो, जागलीला रोही अन् डुकरं हाकलायला त्याच्यासारखा सोबती नाही. मागच्या दिवाळीनंतर असं व्हायला लागलं की फाळका उघडला की तो पुढचे दोन पाय वर ठेवायचा अन् तसाच उभा राहून माझ्याकडे पाहायचा. नखं पत्र्यावर खरखर वाजायची, मागच्या मांड्या थरथरायच्या. मला वाटलं आळस करून राह्यला. आळस नव्हता, कंबर दुखत होती त्याची. मग एक दिवस उतरताना त्यानं उडी मारली, पुढचे पाय दुमडले अन् हनुवटीवर आपटला, तीन आठवडे लंगडला बिचारा. तुमच्याही घरी असा म्हातारा असेल तर त्याच्यावर ही वेळ येऊ देऊ नका.

एक गोष्ट डोक्यात ठेवा, चढण्यापेक्षा उतरणं जास्त वाईट. कुत्रा नुसता उभा असला तरी निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं, उडी मारली की सगळाच भार खांद्यावर अन् मनगटावर येतो. म्हणून तो चढला कसाही, पण उतरताना फाळका उघडायच्या आधी एक हात त्याच्या छातीवर पाहिजेच. मालक खाली उतरला की तेही लगेच उडी मारतात, सवयच असते त्यांना.

आता सगळ्यात सोपा उपाय, ज्याला एक रुपया लागत नाही. गाडी धुऱ्याला, म्हणजे वावराच्या बांधाला लावा. आमच्या हौद्याची उंची फाळका पाडल्यावर 27 इंच भरते, धुरा आहे फूटभर उंच, गाडी रिव्हर्स घेऊन फाळका धुऱ्यावर आणला की उरले 15 इंच. घरासमोर ओटा असेल, कापूस भरायला मुरुमाचा चढ केला असेल, कॅनॉलची पाळ असेल, काहीही चालते. आम्ही घरी पण अंगणाच्या कडेला मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून तसाच चढ केला.

जिथे असं काही नसेल तिथे फळी. लांबी उंचीच्या तिप्पट तरी ठेवा, म्हणजे 27 इंचाला सात फूट, याच्यापेक्षा आखूड घेतली तर चढ उभा होतो अन् म्हातारा कुत्रा अर्ध्यातून मागे सरकतो. रुंदी दीड फूट. खालून दोन आडव्या पट्ट्या मारा, कारण फळी पायाखाली लचकली की कुत्र्याचा भरोसा एकदा गेला तो गेलाच, पुन्हा पाय ठेवत नाही. वरून बारदाना लावा, घट्ट ओढून, खिळे खालच्या बाजूनं, वर एकही टोक नको. वेल्डिंगवाल्याकडून वरच्या टोकाला दोन आकडे करून घ्या, ते फाळक्यात अडकले की फळी घसरत नाही. गाडी बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड.

अन् पहिल्याच दिवशी फळी गाडीला लावू नका बाप्पा. आधी अंगणात जमिनीवर सपाट टाकून ठेवा, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा देत चालवा, दोन-तीन दिवस. मग एका टोकाखाली एक वीट, मग दोन, मग ओट्याला लावा, अन् सगळ्यात शेवटी गाडी. भुऱ्याला आठ दिवस लागले. ओढायचं नाही, गळ्यातल्या पट्ट्याला तर बिलकुल ओढायचं नाही, छातीचा पट्टा घ्या अन् त्याच्या बाजूनं तुम्ही चाला म्हणजे तोल गेला तर तुमच्या मांडीवर येईल. मागचे पाय फारच ढिले असतील तर आईचं जुनं लुगडं घडी करून पोटाखालून, मागच्या पायांच्या थोडं पुढे घ्या अन् दोन्ही टोकं वर धरा, फक्त आधार द्यायला, उचलायला नाही.

उचलायची वेळ आलीच तर एक हात छातीसमोर, दुसरा मागच्या मांड्यांमागे, अन् गुडघे वाकवून उठा. बगलेतून किंवा पुढचे पाय धरून उचलायचं नाही. 20-25 किलोचा कुत्रा असेल तर दोघं जण लागा. दुखलं की आपलाच कुत्रा पण चावू शकतो, तेव्हा त्याला मारू नका.

आता आम्ही त्याला हौद्यात बसवतच नाही, मागच्या सीटवर बसवतो. सीटसमोर पाय ठेवायची जी जागा असते तिथे कुटार भरलेली दोन पोती दाबून ठेवली की सीटच्या बरोबरीनं जागा होते, त्याला पाय लांब करून झोपता येते अन् ब्रेक मारला तरी खाली पडत नाही. हौद्यातच बसवायचा असेल तर गळ्याला दोरी बांधून ठेवू नका, बाजूनं उडी मारली तर फास बसतो.

एप्रिल-मे मध्ये फाळका तापतो, आपल्याकडे 45 च्या वर जाते. हाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवून पाहा, पाच सेकंद ठेवता येत नसेल तर त्याचे तळवे भाजतात, बारदाना ओला करून टाका. थंडीत उलटं, डिसेंबरच्या पहाटे अंग आखडलेलं असते, आधी अंगणात दोन चकरा मारा, मांड्या चोळा, मग गाडी. लांब गेलात तर पोचल्यावर लगेच उतरवू नका, दोन मिनिटं आतच उभं राहू द्या.

नखं वाढू देऊ नका, पंजाखालचे केस कापा, घसरणं अर्धं तिथेच कमी होते. वजन वाढलं असेल तर भाकर कमी करा, मन घट्ट करून.

गोळ्यांचं मात्र ऐका. आपली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका, लिव्हर-किडनी जाते, पोटात अल्सर होतात. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी 2006 पासून बंदच आहे, गिधाडं मेली त्याच्यानं. सांधेदुखीची कुत्र्यांची वेगळी औषधं असतात, ती डॉक्टर वजन पाहून देतात. तालुक्याला एक्स-रे होत नसेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अन् मागचे पाय अचानक ओढत चालला, पंजा उलटा पडला, लघवी आपोआप झाली तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी न्या, मणक्याचं असू शकते.

भुऱ्या आता फळी वापरतो पण त्याला धुराच आवडतो. संध्याकाळी मी मोटर बंद करायला गेलो की तो आधीच हळूहळू जाऊन धुऱ्यावर उभा राहतो, अन् गाडी तिथे येईपर्यंत हलत नाही.